कॅम्पसवरचा कार्यक्रम मध्येच थांबवता येतो, म्हणून मला तो आवडतो

पुण्यात कार्यक्रमांना तोटा नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव, एप्रिल-मेमध्ये वसंत व्याख्यानमाला, बाकी वर्षभर बालगंधर्व, भरत, यशवंतराव, सुदर्शन अशी नाट्यगृहं, कुठे ना कुठे रोज काहीतरी चालूच असतं आणि मीसुद्धा जमेल तेव्हा जाते. पण मला विचाराल तर मी सगळ्यात जास्त शिकले ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॅम्पसवर, ते पण वर्गात नाही तर संध्याकाळच्या कार्यक्रमांमध्ये, जिथे समोर जेमतेम चाळीस-पन्नास माणसं असतात आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. एमए होऊन बरीच वर्षं झाली, नोकरी बाणेरला, घर शिवाजीनगरकडे, त्यामुळे येता-जाता विद्यापीठ वाटेत लागतंच आणि चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकण्यापेक्षा आत वळून एखादं व्याख्यान ऐकावं हे कधीही चांगलं.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने परवा विचारलं की तुला तिथे एवढं काय मिळतं, तेच कलाकार मोठ्या हॉलमध्ये पण असतात आणि यूट्यूबवर तर सगळंच आहे. तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय. कॅम्पसवर कलाकाराला थांबवता येतं. हात वर करून ‘हे परत एकदा कराल का’ असं म्हणता येतं. सवाईत हजारो माणसांसमोर कुणी असं म्हणेल का? म्हणूच नये, तिथे मैफल आहे, ती सलग व्हायला हवी. पण विद्यापीठात सप्रयोग व्याख्यान होतं, ज्याला मुलं लेक-डेम (लेक्चर-डेमॉन्स्ट्रेशन) म्हणतात, तिथे कलाकार स्वतःच आपली कला उलगडून ठेवतो, एकेक भाग सुटा करून दाखवतो, परत जोडतो. ही गोष्ट फक्त कॅम्पसच देऊ शकतो असं माझं ठाम मत आहे.

कथकचं एक लेक-डेम मला अजून जसंच्या तसं आठवतं. लहानसा हॉल, सतरंजी, एका बाजूला तबला आणि पेटी, नाचणाऱ्या ताई पढंत करून, म्हणजे बोल तोंडाने म्हणून, तिहाया (तोच तुकडा तीनदा म्हणून समेवर संपवणं) दाखवत होत्या आणि सगळे नेहमीप्रमाणे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, माना हलवत होते. तेवढ्यात मागून एका मुलाने हात वर केला, तो बहुतेक फिजिक्सचा होता, आणि म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला आधीच कसं कळतं की कुठून सुरू केलं तर बरोबर समेवर पोचाल?’ ताई थांबल्या. घुंगरांचा आवाज थांबला की हॉल एकदम किती शांत होतो! मग त्यांनी सगळ्यांना तीनताल हातावर धरायला लावला. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न वाजवता. दोन-तीन आवर्तनं सगळे नीट धरायला लागल्यावर म्हणाल्या, आता हे बोल म्हणा, ‘तिटकत गदिगन धा’. तिटकत एका मात्रेत, गदिगन एका मात्रेत, धा एका मात्रेत, म्हणजे तीन मात्रा. तीनदा म्हटलं की नऊ. आता खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून सुरू करा. नऊ-दहा-अकरा, बारा-तेरा-चौदा, पंधरा-सोळा आणि तिसरा धा थेट समेवर. आख्ख्या हॉलने ते म्हटलं आणि धा पडला तेव्हा जो आवाज झाला ना, पायापर्यंत जाणवला.

पण खरी गंमत पुढेच होती. त्या म्हणाल्या, आता हेच आठव्या मात्रेपासून म्हणा. म्हटलं. तिसरा धा सोळाव्या मात्रेवर पडला आणि सम यायच्या आधीच आमचे बोल संपून गेले, सगळा हॉल अवघडून एकमेकांकडे बघायला लागला. ‘हे जे आत्ता तुम्हाला वाटलं ना, ते मला नाचताना सतत वाटत असतं, म्हणून कळतं’ असं त्या म्हणाल्या आणि परत उभ्या राहून तीच तिहाई पायांनी करून दाखवली. त्यानंतर मी जितके कथकचे कार्यक्रम पाहिले तितक्यांदा समेची वाट बघणं ही माझीच जबाबदारी असल्यासारखं मी पाहिलंय. तिकीट काढून पुढच्या रांगेत बसून मला हे मिळालं नसतं, तिथे कलाकाराने ते का म्हणून द्यावं.

गाण्याचं पण तसंच. भूप आणि देशकार दोन्हीत तेच पाच स्वर, सा रे ग प ध, मग दोन राग वेगळे कसे, हा प्रश्न माझ्यासारख्या अर्ध्यामुर्ध्या ऐकणाऱ्याला कायम पडतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि धैवत (ध) संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, देशकारात नेमकं उलट, भूप संध्याकाळचा आणि देशकार सकाळचा. वाचून डोक्यात काही शिरत नाही. पण एका गायकाने समोर बसून आधी भूपातली एक ओळ म्हटली, गंधारावर विसावली, मग तेच स्वर घेऊन वरच्या अंगाने गेले आणि धैवतावर थांबले आणि म्हणाले, बघा, खोली तीच, फक्त खिडकी दुसऱ्या बाजूला उघडली. तानपुरा चालूच होता, त्यामुळे फरक लगेच कानाला लागला. एका मुलीने विचारलं की सर, चुकून एकातून दुसऱ्यात जायला होतं का, तर त्यांनी तेही गाऊन दाखवलं, नेमकी कुठे पावलं घसरतात ते. मैफलीत कुठला गायक आपण कुठे घसरू शकतो हे दाखवेल?

आता ललित कला केंद्राबद्दल थोडं, कारण पुण्यात राहूनही कितीतरी जणांना ते माहीतच नसतं. विद्यापीठात संगीत, नृत्य आणि नाटक या तिन्ही गोष्टी रीतसर शिकवणारा हा विभाग १९८७ साली सुरू झाला, गुरुकुल पद्धत आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम यांची सांगड घालून. नाटककार सतीश आळेकर सर १९९६ ते २००९ तिथे प्रमुख होते. तिथे अंगणमंच आहे, उघड्यावरचा, झाडांच्या सोबतीने, आणि मुलांचे प्रयोग तिथे होतात. मला त्या जागेचं इतकं का वाटतं, तर तिथे नाटक आणि तुमच्यामध्ये काही अंतरच नसतं. लाइट सांभाळणारी मुलगी तुमच्या बाजूला बसलेली असते, एंट्रीची वाट बघणारा नट तुमच्या मागून येतो, प्रयोग संपल्यावर तोच नट मेकअप पुसत पुसत चहाला तुमच्या शेजारी उभा असतो आणि तुम्ही त्याला विचारू शकता की दुसऱ्या प्रवेशात तू एवढा वेळ पाठमोरा का होतास. आणि तो सांगतो! कधी कधी म्हणतो की मलाही अजून नीट कळलेलं नाही, उद्या वेगळं करून बघणार आहे. शिकणाऱ्या मुलांचं काम बघण्यात हे एक वेगळं सुख आहे, ते अजून पक्कं झालेलं नसतं, तुमच्या डोळ्यांदेखत घडत असतं.

आणि हे फक्त कलेपुरतं नाही. कॅम्पसवरच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८८ साली जयंत नारळीकर सरांनी स्थापन केलेली, आणि तिची वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ती सुंदर वास्तू. तिथे शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं व्हायची ती नुसती भाषणं नसायची, प्रयोगासकट असायची, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला गर्दी लोटते ती वेगळीच. तिथला फुकोचा लंबक हे तर माझ्या मते कॅम्पसवरचं सगळ्यात संथ लेक-डेम आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे तो लंबक काही न बोलता दाखवतो, त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते, ध्रुवावर असता तर साधारण एका दिवसात पूर्ण फेरा झाला असता पण पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेअठरा अंशांवर, त्याला साधारण ७५ तास लागतात. तासाला जेमतेम पावणेपाच अंश. नुसतं बघत उभं राहिलं तर काही होत नाहीये असं वाटतं, दोन तासांचं व्याख्यान ऐकून परत येऊन बघा, दिशा बदललेली कळते. 

नारळीकर सरांची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहून खाली सही करून पाठवीन. म्हणजे सही हवी तर आधी प्रश्न पडला पाहिजे. २० मे २०२५ ला सर गेले, त्या दिवशी कितीतरी जणांनी जपून ठेवलेली ती पोस्टकार्डं सोशल मीडियावर टाकावीत असं मला मनापासून वाटत होतं. पाहुण्या वक्त्याला बोलावून जे साधायचं असतं ते हेच ना, की ऐकणाऱ्याला प्रश्न पडावा.

आणि म्हणूनच मला ज्या गोष्टीचा खरंच त्रास होतो ती आता लिहिते. बहुतेक कॉलेजांमध्ये आणि काही विभागांमध्ये पाहुण्यांचं व्याख्यान म्हणजे एक समारंभ होऊन बसलाय. साडेचारची वेळ दिलेली असते, सुरू व्हायला पाच वाजतात, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (तो पण पाहुण्यांनीच पाठवलेला बायोडेटा अक्षरशः वाचून), शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ, अध्यक्षांचे दोन शब्द, आणि मग पाहुण्यांच्या हातात माइक येतो तेव्हा पाऊण तास उलटून गेलेला असतो. पाहुणे बिचारे घाईघाईत बोलतात. आणि शेवटी कशाला कात्री लागते? प्रश्नोत्तरांना. ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत, त्याबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य ऐकलं की मला उठून ओरडावंसं वाटतं. आभारप्रदर्शनाला मात्र वेळ असतो, त्यात मंडपवाल्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांची नावं येतात. आभार मानावेत की, पण दोन मिनिटांत मानता येतात.

एका कॉलेजात मी स्वतः पाहिलंय, एका ज्येष्ठ ढोलकीवादकांना बोलावलं होतं, तमाशातला गण, गौळण, बतावणी, वग हे सगळं ढोलकीच्या अंगाने ते समजावणार होते. सोबत तुणतुणं, हलगी, मागे सूर धरणारे झिलकरी, सगळा ताफा. समोर तीनेकशे पोरं, सगळी अटेंडन्ससाठी आणून बसवलेली, दारात एक सर हजेरीचा कागद घेऊन उभे. ज्यांना ऐकायचं होतं त्यांना मागच्या गोंधळात ऐकू येईना, ज्यांना ऐकायचं नव्हतं ती मोबाइलमध्ये. कागदावर सह्या झाल्या तशी रांगाच्या रांगा उठून गेल्या, ढोलकी चालू असताना. वादक काही बोलले नाहीत, त्यांनी वाजवणं पूर्ण केलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाई, त्या तिथल्याच लायब्ररीत काम करत होत्या, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. पोरांना मी दोष देत नाही, त्यांना डांबून ठेवलं होतं. वीस जण आपणहून आलेले असते, ढोलकीला गोल करून बसले असते, शाई (मधला काळा गोल) आणि पुडी (कातडं) यांतला फरक, चाटीवरची, म्हणजे कडेवरची, बोटं जवळून बघितली असती तर त्या वीसांतल्या दोघांचं तरी आयुष्य बदललं असतं. हॉल भरलेला दिसणं हे कुणासाठी असतं? फोटोसाठी आणि अहवालासाठी. 

हजेरी लावू नका, एवढं एकच मागणं आहे माझं. खरंच. रिकाम्या खुर्च्यांची लाज वाटून घेऊ नका. 

पैशांचं पण बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. लेक-डेमला मुख्य कलाकाराला थोडंफार मानधन मिळतं पण तबलजी, पेटीवाले, तानपुऱ्यावर बसलेली शिष्या, यांचा विचार बजेट करताना बऱ्याचदा होतच नाही, मग मुख्य कलाकारच आपल्या पाकिटातून सगळ्यांना देतो. ‘मुलांसाठी आहे हो, सेवा समजा’ असं म्हणणं बंद व्हायला हवं. वाद्यं रिक्षातून येत नाहीत, गाडी करावी लागते, एवढं तरी धरा. त्यापेक्षा पुष्पगुच्छ आणि ट्रॉफी कमी करा, फ्लेक्स करूच नका.

पुण्याला ऐकायची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ मध्ये, ती अजून दर वर्षी २१ एप्रिल ते २० मे टिळक स्मारक मंदिरात भरते. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ ला गोखले इन्स्टिट्यूटमध्ये काळे स्मृती व्याख्यान दिलं, संघराज्य की स्वातंत्र्य या विषयावर, १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची एकेक बाजू तपासत. ते छापून आलं म्हणून आज आपण वाचू शकतो. एक संस्था एका पाहुण्याला बोलावते, पाहुणा मेहनत घेऊन येतो, आणि ते बोलणं पुढच्या पिढ्यांना पुरतं. मला हे वाचताना कायम वाटतं की आत्ता कॅम्पसवर जी चांगली व्याख्यानं होतात त्यांचं काय होतं? कुणीतरी मोबाइलवर लाइव्ह करतं, आवाज पंख्याचा जास्त येतो, आठवड्याने ती लिंकही सापडत नाही. जयकर ग्रंथालयासारखं ग्रंथालय तिथेच दोन पावलांवर असताना नीट रेकॉर्डिंग आणि विषय, तारीख, वक्ता एवढी नोंद करून ठेवणं अवघड नाहीये. लेक-डेमच्या बाबतीत तर ते फारच गरजेचं आहे, कारण ज्येष्ठ मंडळी अशा छोट्या ठिकाणी जे सहज बोलून जातात ते ती कुठेच लिहीत नाहीत, आणि ती गेली की ते त्यांच्याबरोबरच जातं.

भाषेचंही एक आहे. बाहेरून येणारे वक्ते इंग्रजीत बोलतात, त्याला इलाज नाही आणि त्यात काही चूकही नाही. पण प्रश्न मराठीत विचारायची मुभा आहे हे सुरुवातीलाच सांगायला हवं. मी बघते ना, बीड-परभणीकडून आलेली, नंदुरबारहून आलेली मुलं वहीत प्रश्न लिहून घेतात, इंग्रजी जुळवत बसतात आणि तोपर्यंत वेळ संपतो. एकदा एका विभागातल्या मॅडमनी व्याख्यान सुरू व्हायच्या आधी सांगितलं की कुठल्याही भाषेत विचारा, मी पाहुण्यांना सांगीन. त्या दिवशी प्रश्नांना खंडच नव्हता, आणि नंतर तर मुलं पाहुण्यांना घेऊन चहाला गेली आणि उरलेलं व्याख्यान कॅन्टीनच्या कट्ट्यावर झालं, अर्धं हिंदी अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. चहावरचा तो अर्धा तास कार्यक्रमपत्रिकेत कधीच नसतो पण आयोजकांनी तो धरून चालावा. पाहुण्यांची परतीची गाडी आठची ठेवण्याऐवजी नऊची ठेवली तरी पुष्कळ.

गावातल्या लोकांनी यावं असं मला फार वाटतं. बऱ्याच जणांना वाटतं की कॅम्पसमध्ये आपल्याला सोडतील का, आयकार्ड विचारतील का. खुला कार्यक्रम असेल तर गेटवर कार्यक्रमाचं नाव आणि सभागृह सांगायचं, मला तरी कधी कुणी अडवलेलं नाही. औंधहून, खडकीहून, पाषाणहून संध्याकाळी फिरायला कॅम्पसमध्ये येणारे कितीतरी काका-काकू आहेत, मुख्य इमारतीपर्यंत चक्कर मारतात, वडाच्या झाडांखाली बसतात आणि परत जातात. त्यांना पलीकडच्या सभागृहात काय चाललंय याचा पत्ताच नसतो, कारण पोस्टर व्हॉट्सअॅपवर फिरतं ते पण त्याच दिवशी दुपारी, आणि त्यावर पाच मान्यवरांचे फोटो असतात पण सभागृहाचं नाव नसतं. एक साधा फळा गेटजवळ ठेवा, आज कुठे काय आहे तो खडूने लिहा. फिरायला आलेली माणसं तीच तुमची खरी श्रोतेमंडळी आहेत. माझ्या शेजारच्या आजोबांना मी एकदा तालवाद्यांच्या कार्यक्रमाला नेलं, ते रेल्वेतून रिटायर झालेत, त्यांनी विचारलेल्या प्रश्नावर पाहुणे वीस मिनिटं बोलले आणि नंतर विद्यार्थ्यांनी आजोबांचा नंबर मागून घेतला. आता तेच मला फोन करून विचारतात, या आठवड्यात काय आहे गं.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ललित कला केंद्राची आणि आयुकाची सोशल मीडियाची पानं बघत जा, बाकी विभागांचं मात्र तिथल्या नोटीस बोर्डवर जाऊनच कळतं. सेमिस्टर संपत येतो तेव्हा नाटकाच्या मुलांचे प्रयोग असतात, बघायला येऊ का असं आधी विचारून घ्या. संत नामदेव सभागृहात कार्यक्रम असेल तर वेळेआधी पोचा, कॅम्पस चारशे एकराहून मोठा आहे, चालत शोधत बसलात तर सुरुवात चुकेल. अंगणमंचावर जाणार असाल तर डासांसाठी काहीतरी लावून जा आणि थंडीत शाल घ्या. पुढे बसा. आणि पहिला प्रश्न विचारायला कुणी तयार नसेल तर तुम्ही विचारा, साधा असला तरी चालेल, त्याच्यामागे बाकीच्यांचे हात वर येतात.